दीड वर्ष एमजीबी चालवल्यावर

गेल्या वर्षी मार्चमध्ये १९६८ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी कंपनीची उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली. आम्ही इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या डिडकॉटला राहतो, आणि ही गाडी ज्या ॲबिंग्डनला तयार झाली ते इथून अगदी जवळ. दीड वर्षात चार हजार मैल झाले. आता मनापासून लिहिता येईल.

पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा कऱ्हाडच्या मामाची अ‍ॅम्बॅसेडर डोळ्यासमोर आली. ते नातं खरंच आहे. अ‍ॅम्बॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचं १,४८९ सीसीचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. एमजीबीचं १,७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. आणि एमजी म्हणजे तरी काय, मॉरिस गॅरेजेस! मामा इंजिनाला कान लावून काय बिघडलंय ते सांगायचा, ते इथे मला उपयोगी पडलं.

इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे एसयू बनावटीचे दोन कार्बोरेटर आहेत. दोन्हींनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर गाडी उभ्या उभ्या थरथरते. मी रबरी नळीचं एक टोक कानाशी धरतो, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. ‘हिस्स’ असा आवाज येतो. दोन्हीकडे तो एकाच पट्टीत येईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा. पहिल्यांदा अख्खा रविवार गेला, आता वीस मिनिटं पुरतात. कार्बोरेटरच्या वरच्या नळीत थोडं तेल असतं, ते महिन्यातून एकदा बघायचं. कमी झालं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते.

१९६२ साली ही आली तेव्हा आधीच्या एमजीए मॉडेलसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) तिला नव्हती. सगळा भार बॉडीच्या पत्र्यावर. त्यामुळे आत पाय पसरायला छान जागा मिळाली, पण गंज लागला तर तो थेट हाडात शिरतो. दाराखालचे पट्टे सगळ्यात नाजूक. विकणाऱ्याने माझ्या गाडीचे पट्टे पुट्टी भरून वर रंग मारून दिले होते. जुलैत जॅक लावला तर पत्रा आत गेला. उजव्या बाजूचं वेल्डिंग करून घेतलं, डावी बाजू बाकी आहे. फसवणुकीचा राग अजून जात नाही. घ्यायला जाल तेव्हा साधं लोहचुंबक खिशात ठेवा. पुट्टीवर ते चिकटत नाही.

सुट्या भागांची मात्र कधीच अडचण आली नाही. १९८०मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या होत्या, आणि १९८८पासून नवी कोरी बॉडीसुद्धा मिळू लागली. १९७४नंतरच्या काळ्या रबरी बंपरच्या गाड्या स्वस्त मिळतात. पण अमेरिकी नियमांसाठी त्या उंच केल्या, आणि वळणावर तो फरक जाणवतो. मी क्रोम बंपरचीच घ्या म्हणेन.

चालवायला कशी? स्टिअरिंगला पॉवर नाही, गाडी पार्क करताना हात भरून येतात. एकदा रस्त्याला लागली की खडीचा पोत हाताला कळतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरला ओव्हरड्राइव्हचं बटण टाकलं की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी होतात आणि ते एकदम शांत होतं, तो क्षण मला फार आवडतो. ९५ अश्वशक्ती आजच्या हिशेबाने किरकोळ, पण छप्पर उघडं टाकून ऑक्सफर्डशायरच्या गावरस्त्यांवर ५० मैलांच्या वेगाने जाताना याहून जास्त हवंसं वाटत नाही. मोटरवेवर लांबचा प्रवास मी टाळतो, कान बसतात.

गॅलनला २५ मैलांच्या आसपास पडतं. पेट्रोल ई५च (५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) भरा, ई१० (१० टक्क्यांपर्यंतचं) जुन्या रबराला सोसत नाही. गाडी ४० वर्षांवरची असल्याने रोड टॅक्स शून्य, एमओटी ही गाडीची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. मी तरीही दरवर्षी करून घेतो, कारण ब्रेक दुसऱ्या कुणीतरी तपासलेले बरे.

मामा यंदा मे महिन्यात आला होता. वय ७८. त्याने चोक ओढून गाडी सुरू केली, डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाला, “टॅपेट जरा सैल आहेत रे.” टॅपेट म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट; फीलर गेजची पातळ पट्टी घालून ती मोजून बघितली. चारांपैकी दोन सिलिंडरचे खरंच सैल होते.