सेकंडहँड वॅगनआर 2014: तीन लाखांत सगळं बसवलं, दहा महिने वापरून झाली, आता लिहितो

बजेट तीन लाख होतं. घराचा हप्ता चालू आहे, त्यामुळे तिनाचे सव्वातीन करायला बायकोने आधीच नाही म्हणून ठेवलं होतं. आम्ही कराडचे, मी झेडपी शाळेत मास्तर. घरात पाच माणसं, त्यात आई, आणि आईचे दोन्ही गुडघे गेलेले. महिन्याला सातशे-आठशे किलोमीटर रनिंग, वर्षातून दोन-तीनदा पुणं, एकदा कोकण. गरज एवढीच.

आता तीन लाख म्हटल्यावर सुरुवातीला काय होतं की माणूस तीन लाखांच्या गाड्या बघायला लागतो. मीपण बघितल्या. आणि या किमतीत मोह फार वाईट असतो, कारण 2011-12 ची होंडा सिटी येते, डिझेल स्विफ्ट येते, मेव्हणा तर स्विफ्टच्या मागेच लागला होता, पिकअप बघा दाजी पिकअप. अरे पण जुन्या डिझेलचा टर्बो नाहीतर इंजेक्टर (इंजिनचे महागडे पार्ट) निघाला की पंधरा-वीस हजारांना डोळे झाकून भोक, आणि माझं रनिंग आठशे किलोमीटर, डिझेलमध्ये वाचणार किती? शिवाय स्विफ्टमध्ये आई बसलीच नाही. म्हणजे बसली, पण उठताना दोघांनी ओढून काढावी लागली. त्या दिवशी ठरलं की गाडी कुठलीही असो, आधी आईला बसवायचं, मग बॉनेट उघडायचं.

या परीक्षेत पास झालेल्या दोनच, आय10 आणि वॅगनआर. ऑल्टो, सिटी, स्विफ्ट सगळ्या नापास. वॅगनआरमध्ये तिने दार उघडलं, पाठ फिरवली आणि खुर्चीत बसावं तशी बसली, पाय आत घेतले, झालं. "ह्यात वाकायला लागत न्हाई" एवढंच म्हणाली. उंच गाडी दिसायला ठोकळा आहे हे मान्य, शाळेतली पोरं तिला कपाट म्हणतात. म्हणू देत.

फोर्ड फिगो आणि शेव्हरले बीटपण मिळत होत्या, दीड-दोन लाखांत, कंडिशन झकास. पण जीएमने 2017 ला इथली विक्री बंद केली, फोर्डने 2021 ला कारखाने बंद करायचं जाहीर केलं. पार्ट मिळतच नाहीत असं नाही, पण आमच्या मेस्त्रीला पुण्याहून मागवायला लागणार आणि तोवर गाडी दारात उभी. आमच्या वॅगनआरचा लिंक रॉड (सस्पेन्शनचा छोटा दांडा) कराडात चार दुकानांत मिळतो, पाटणला मिळतो, कोयनानगरलासुद्धा कुणीतरी काढून देईल. कमी पैशात गाडी घेताना मला हे पिकअपपेक्षा शंभरपटीने महत्त्वाचं वाटलं.

आता आय10 का नाही घेतली ते सांगतो. गाडी चांगली होती. म्हणजे मॉडेल चांगलं, ती गाडी नाही. एमएच 10 म्हणजे सांगली पासिंग, 2012 चं मॉडेल, मीटरला 38 हजार, आतून अशी चकाचक की मी टोकन द्यायला खिशात हात घातलेला. मेस्त्रीला मी पाचशे रुपये आणि जेवण यावर बरोबर नेलं होतं, त्याने आधी नाक आत घातलं आणि म्हणाला गुरुजी तीन-तीन परफ्युम कशाला लटकवलेत? मग त्याने ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढला. आपण ओढतो तेवढा नाही, पार शेवटपर्यंत, पिलरमधून बाहेर येईल तेवढा सगळा. शेवटचा वीतभर पट्टा तपकिरी होता आणि त्यातून बारीक वाळलेली माती त्याच्या तळहातावर पडली. चिमूटभर. "कृष्णामाई बसून गेलीय ह्यात," म्हणाला. 2019 चा सांगलीचा पूर. सीट बदलता येते, मॅटिंग बदलता येतं, सीटबेल्टच्या रिळात गेलेली माती कोण धूत बसतंय. सीटखालच्या पट्ट्यांच्या बोल्टांना गंज होता तो मग मलापण दिसायला लागला. आणि 38 हजारांचं म्हणाल तर क्लचच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, त्यावरच्या रेघापण गेल्या होत्या. 38 हजारांत रबर एवढं झिजत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे आमच्या मिसेस हिल्स घालून चालवायच्या.

दिल्ली पासिंगच्या गाड्यापण एकाने दाखवल्या, स्वस्त होत्या कारण तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा होती, म्हणून बाहेर काढत होते. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), इथला टॅक्स, नवीन नंबर, आणि मागची हिस्टरी कोण सांगणार. सोडून दिलं.

शेवटी मिळाली ती पुण्यात, कोथरूडला, रिटायर्ड काकांकडे. वॅगनआर व्हीएक्सआय पेट्रोल, 2014, पहिला मालक, 41 हजार किलोमीटर. फोनवरच सांगून ठेवलं होतं की काका आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन चालू करून बघायचं असतं, आधी गरम करून ठेवलेल्या गाडीत निम्मे आवाज लपतात. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवला, गार. चावी मारली, एका झटक्यात चालू, धूर नाही. ऑइलचं झाकण उघडून आतून बघितलं, चहावर साय येते तसलं पांढरं काही असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय असं समजायचं आणि नमस्कार करून निघायचं. इथे नव्हतं. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, उभ्या गाडीत थोडी थरथर असते, ती सगळ्यांतच असते.

काकांनी मग फाइल आणली. 2014 पासूनचं प्रत्येक सर्व्हिसचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारखेप्रमाणे, वर किलोमीटर पेनाने लिहिलेले. खरं सांगू, मी गाडी तिथेच घेतली होती. पुढचं सगळं भाव पाडायसाठी.

आणि इथे एक गोष्ट जी मला माहीत नव्हती. कमी चाललेली गाडी म्हणजे फायदाच फायदा असं आपल्याला वाटतं. अकरा वर्षांत 41 हजार म्हणजे गाडी बहुतेक वेळ उभीच होती. उभ्या गाडीचं रबर मरतं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर 2316 होतं, म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, बघणारा म्हणेल अजून वीस हजार जातील, पण बाजूला नखाएवढ्या भेगा पडलेल्या. खालचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) कडक झालेले, स्पीडब्रेकरवर कट्ट कट्ट. काका 2 लाख 75 सांगत होते आणि मी घासाघीस करणारा माणूस नाही असंही सांगत होते. मेस्त्रीने त्यांना हात धरून खाली बसवून टायरवरची तारीख दाखवली. काकूंनी चहा आणला, दुसरा चहा आणला, आणि 2 लाख 42 वर तुटलं.

त्यानंतरचा खर्च लिहितो, कारण हाच भाग कुणी सांगत नाही. चार टायर 14,400. बॅटरी 4,100. सगळी ऑइलं, कूलंट, फिल्टर, ब्रेकचं काम मिळून सर्व्हिस 7,200. बुश, लिंक रॉड, अलाइनमेंट 5,300. एसीचा गॅस 1,800. काकांचा इन्शुरन्स संपतच आला होता म्हणून नवीन काढला, 7,100. ट्रान्सफर एजंटसकट 4,500. नवीन सरकारी नंबरप्लेट 745 आणि वर जीएसटी. बेरीज पंचेचाळीस हजारांच्या वर. म्हणजे गाडी पडली 2 लाख 87 हजारांना. मी जर तीनची गाडी घेतली असती तर त्याच फुटक्या टायरवर घाट चढत बसलो असतो.

इन्शुरन्सचं एक बारीक आहे. थर्ड पार्टी म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा. मी काढला तेव्हा हजार सीसीपर्यंतच्या गाडीला त्याचा दर 2,094 होता आणि त्याच्या वर गेलं की 3,416. हिचं इंजिन 998 सीसी. दोन सीसीने वाचलो. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, एजंट काहीही सांगू दे.

कागदाचा एक घोळ झाला तो सांगतो. काकांनी लोन 2018 मध्येच फेडलेलं, पण आरसीवर (रजिस्ट्रेशनच्या कागदावर) बँकेचा बोजा तसाच. बँकेने तेव्हा पत्र दिलं होतं, ते फाइलमध्ये व्यवस्थित लावून ठेवलेलं, पण आरटीओत जाऊन उतरवायचं राहून गेलं. इतका टापटीप माणूस आणि हेच राहिलं. जुनं पत्र चालेना, बँकेकडून नवीन आणायला लागलं, तीन आठवडे गेले. म्हणून परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बोजा, इन्शुरन्स, पासिंगची तारीख बघायची, आणि दंड बाकी आहे का तेपण बघायचं. काकांच्या नावावर दोन चलन होते, एक झेब्रा क्रॉसिंगचं. ते फार ओशाळले.

पासिंग, म्हणजे रजिस्ट्रेशन, 2029 पर्यंत आहे. पंधरा वर्षांनी परत रजिस्ट्रेशन करायचं म्हटलं तर 2022 पासून फीच पाच हजार झाली, वर जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स. म्हणून 2010-11 ची गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळत असली तर आधी ही तारीख बघा.

आता चालवायला कशी आहे. गावात एक नंबर. स्टिअरिंग हलकं, वळायला छोटी, मंडईत बाजाराच्या दिवशी कुठेही घुसते. खिडक्या मोठ्या, सगळं दिसतं. ॲव्हरेज गावात 15-16, हायवेला ऐंशीच्या आत ठेवली तर 19. कंपनीचा आकडा वीसच्या वर आहे, तो मला एकदाही दिसला नाही, माझा पायपण जरा जड आहे. टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे तो एक बदलायचा खर्च नाही. पुढच्या डाव्या सीटखाली ओढून काढायचा ट्रे आहे, त्यात आईची पिशवी, गोळ्या, जुनी चप्पल आणि कधीकधी मेथीची जुडी असते.

हायवेला मात्र जपून. उंच आणि हलकी, शंभरला बाजूने ट्रक गेला की गाडी अंग चोरते, हे पहिल्यांदा झालं तेव्हा बायकोने दाराचं हँडल धरलं ते थेट तासवड्याला सोडलं. आणि कोकणातून येताना कुंभार्ली घाट, पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू, गाडी सरळ म्हणाली जमणार नाही. एसी बंद, दुसरा गिअर, आणि मागे लागलेल्या एसटीला हात दाखवून पुढे सोडली. एअरबॅग नाहीत. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं) नाही. हे मला टोचतं, पण तीन लाखांत, आईची सीट, चालू कागद आणि एअरबॅग असं चारही एकत्र मला तीन महिन्यांत मिळालं नाही. तुम्हाला मिळालं तर ती घ्या.

सीएनजी किट बसवू का म्हणून मेस्त्रीला विचारलं होतं. आठशे किलोमीटरसाठी? डिकी जाणार, दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट, आरसीवर नोंद, वर पंपावर तासभर लाइन. नाही बसवली.

हां, फास्टॅग. तो काकांचाच काचेवर राहिला होता, दोघांच्याही लक्षात नाही. पहिल्यांदा पुण्याला चाललो, आणेवाडीच्या टोलनाक्यापुढे काकांचा फोन आला, "अहो गुरुजी, तासवड्याचा गेला, आता आणेवाडीचाही गेला, म्हणजे पुण्याला येताय वाटतं? जेवायलाच या." गेलो, जेवलो, टोलचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. नवीन फास्टॅग दुसऱ्या दिवशी काढला.

मागच्या डाव्या दारात एक खडखड आहे, ती अजून सापडलेली नाही. मेस्त्रीने दार दोनदा खोललं. आता म्हणतो काच दोन बोटं खाली ठेवून चालवा, आवाज येणार नाही. खरंच येत नाही.