व्हीएफआयओचं डायनॅमिक एमएसआय-एक्स: काही महिने वापरल्यानंतर

होस्टवर (खऱ्या मशीनवर) लिनक्स ६.८ आणि आभासी मशीन चालवणारं क्यूएमू ८.२ टाकलं आणि गेस्टमधलं (त्या आभासी मशीनमधलं) नेटवर्क कार्ड मध्येच गप्प व्हायचं थांबलं. एवढ्या एका गोष्टीसाठी हा अपग्रेड मी पुन्हा करीन. तरी माझी एक तक्रार आहे. ती कोणाविरुद्ध आहे, हे मधल्या काळात दोनदा बदललं. ज्यांच्या होस्टवर बरीच कार्डं पासथ्रू केलेली, म्हणजे थेट गेस्टच्या ताब्यात दिलेली आहेत त्यांच्या ती कामाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीचा त्रास असा होता. गेस्टमधला ड्रायव्हर सगळे इंटरप्ट (कार्डाने सीपीयूला द्यायचे इशारे) सुरुवातीलाच उघडत नाही. नवी क्यू (पॅकेटांची रांग) लागली की त्या क्यूचा व्हेक्टर (तिच्या इंटरप्टचा क्रमांक) अनमास्क करतो, म्हणजे त्याच्यावरची रोख काढतो. नेमकं त्याच क्षणी आधीपासून नीट चालणारी दुसरीच क्यू कधीकधी अडकायची आणि थोड्या वेळाने गेस्टच्या लॉगमध्ये ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ यायचं. कार्डवाल्यांच्या सपोर्टने फर्मवेअर बदलायला लावलं, केबल बदलायला लावली, शेवटी कार्डही बदलून दिलं. नवं कार्डही तसंच अडकलं. होस्टवर तेच कार्ड थेट वापरलं की महिनोन्‌महिने काही होत नसे, हे मी प्रत्येक मेलमध्ये लिहिलं होतं. त्या वाक्याची दखल कोणी घेतली नाही याची चीड अजून आहे, कारण सगळं उत्तर त्यातच होतं.

व्हीएफआयओ (होस्टचं कार्ड गेस्टला थेट वापरू देणारा कर्नलचा भाग) लिनक्समध्ये २०१२ साली, ३.६ मध्ये आलं. तेव्हापासून एमएसआय-एक्सचे (एका कार्डाला बरेच वेगवेगळे इंटरप्ट देणाऱ्या पद्धतीचे) व्हेक्टर ‘संच’ म्हणून मिळायचे. चार चालू असताना पाचवा हवा असेल तर आधी कार्डाचं एमएसआय-एक्स पूर्ण बंद करायचं, चारही सोडायचे आणि मग पाच मागायचे. एखादा व्हेक्टर नुसता मास्क असेल तर कार्ड त्याची आठवण पेंडिंग बिटमध्ये ठेवतं आणि अनमास्क झाल्यावर इंटरप्ट देतं. एमएसआय-एक्सच बंद असेल तर तो आधार नाही. त्या फटीत आलेला इंटरप्ट गेला तो गेलाच. ड्रायव्हर त्याची वाट बघत राहतो, कार्डाच्या लेखी ते काम कधीच झालेलं असतं. गेस्टला तर मध्ये काही बंद झालं होतं याचा पत्ताही नसतो, कारण त्याने फक्त एक बिट बदललेला असतो.

यातली उधळपट्टीही बघा. गेस्टने ६४ व्हेक्टर एकेक करून उघडले तर होस्टवर आधी एक, मग दोन, मग तीन अशी मांडणी होत जाणार. बेरीज २०८०. साठाहून जास्त वेळा सगळं मोडायचं आणि पुन्हा उभं करायचं. क्यूएमूने हे मुद्दाम पत्करलं होतं, कारण लागतील न लागतील ते सगळे व्हेक्टर आधीच अडवून ठेवणं होस्टला परवडत नाही. हेतू काटकसरीचाच होता, पण तिची किंमत चालू ट्रॅफिकला मोजावी लागत होती.

दुरुस्ती तीन टप्प्यांत आली. कर्नल डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर यांनी कर्नलच्या एमएसआय भागाची मोठी फेरबांधणी केली. ती लिनक्स ६.२ मध्ये आली आणि एमएसआय-एक्स चालू असतानाच एखादा व्हेक्टर वाढवणं किंवा काढणं शक्य झालं. डायनॅमिक एमएसआय-एक्स ते हेच. ६.५ मध्ये व्हीएफआयओने ते वापरायला सुरुवात केली. क्यूएमूला ते ८.२ मध्ये, म्हणजे २०२३च्या डिसेंबरात समजू लागलं. कर्नल आणि क्यूएमू दोन्ही नवे हवेत, एक जरी जुना असेल तर मुकाट्याने जुनीच पद्धत चालते. खात्री करायची तर व्हीएफआयओकडे एमएसआय-एक्सची माहिती मागून ‘नोरिसाइझ’ हा फ्लॅग बघा. तो नसेल तर होस्टची तयारी आहे. साध्या एमएसआयवर तो राहणारच, तिथे काही बदललेलं नाही. गेस्टचा कर्नल मात्र कितीही जुना चालतो. तो पूर्वीसारखाच बिट बदलतो, फक्त होस्ट आता त्यासाठी सगळं पाडत नाही.

वेग वाढेल अशी आशा ठेवू नका. इंटरप्ट गेस्टपर्यंत जायचा रोजचा रस्ता तोच आहे.

आता तक्रार. पहिले काही आठवडे मी खूश होतो. मग एका गेस्टमध्ये काम कमी झालं, ड्रायव्हरने बऱ्याच क्यू बंद केल्या आणि मी सहज होस्टच्या प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाइल (चालू इंटरप्टची यादी) उघडली. बंद केलेल्या क्यूंच्या ओळी जशाच्या तशा होत्या, व्हीएफआयओच्या नावाने, कार्डाच्या पत्त्यासकट. आकडे वाढत नव्हते, पण जागा अडलेली होती. एक्स८६ वर दर सीपीयूला व्हेक्टर २५६. पहिले ३२ सीपीयूच्या स्वतःच्या अपवादांसाठी (एक्सेप्शन) जातात, आणखी काही कर्नलच्या स्वतःच्या कामाला लागतात, उपकरणांना साधारण दोनशे उरतात. एकेका कार्डाला ६४ लागत असतील तर ते दोनशे पुरवून वापरावे लागतात. मागताना एकेक देता, मग परत घेताना एकेक का घेत नाही?

रागाने कर्नलचा कोड उघडला. व्हीएफआयओमध्ये व्हेक्टर मिळवायचं फंक्शन आहे, परत करायचं नाही, आणि ते का नाही हे तिथेच टिपेत लिहून ठेवलंय: मिळालेले व्हेक्टर साठ्यासारखे ठेवले जातात, पुढची मागणी त्यातूनच भागते आणि एमएसआय-एक्स बंद झाल्यावर सगळे एकदम सुटतात. तेव्हा मी ठरवून टाकलं की दोष कर्नलचा.

ते मत टिकलं नाही. व्हीएफआयओशी थेट बोलणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, काही व्हेक्टर चालू केले, मग त्यांचे इव्हेंटएफडी (इंटरप्ट आल्याची खबर पोचवणारे दुवे) काढून घेतले. डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलींत) व्हेक्टर डोमेनची फाइल असते, तिच्यात ‘उपलब्ध’ आणि ‘राखीव’ असे वेगळे आकडे दिसतात. इव्हेंटएफडी काढताच उपलब्धचा आकडा वर आला! म्हणजे कर्नल सीपीयूचा खरा व्हेक्टर सोडतो आणि मागे नुसती राखीव नोंद ठेवतो. एक्स८६ वर ही राखीव नोंदीची पद्धत ४.१५ पासून आहे. इंटरप्ट रीमॅपिंगच्या (कोणता इंटरप्ट कुठे पाठवायचा त्याच्या) तक्त्यातली एक नोंद आणि थोडी मेमरी अडून राहते, पण ज्या गोष्टीची खरी टंचाई आहे ती मोकळी होते. हॉटेलचं बुकिंग नावावर आहे पण खोली दुसऱ्याला देता येते, असं काहीसं. अडचण एवढीच की या राखीव नोंदीला हमी नाही. गर्दी असेल तर तोच व्हेक्टर पुन्हा चालू करताना जागा मिळेलच असं नाही.

मग माझ्या गेस्टच्या ओळी कोण धरून बसलं होतं? क्यूएमू. गेस्टने व्हेक्टर मास्क केला की क्यूएमू व्हीएफआयओचा इव्हेंटएफडी काढत नाही. फक्त केव्हीएमकडे (गेस्ट चालवणाऱ्या कर्नलच्या भागाकडे) थेट जाणारा बदलून स्वतःकडे येणारा लावतो. होस्टच्या दृष्टीने इंटरप्ट चालूच राहतो, व्हेक्टर अडलेलाच राहतो. यालाही सबळ कारण आहे. काही जुने गेस्ट प्रत्येक इंटरप्टला मास्क-अनमास्क करतात. दर वेळी खरंच सोडून पुन्हा मागितलं तर कामच ठप्प होईल.

इथे माझा राग निवळला नाही, पण त्याची दिशा बदलली. गेस्टच्या हातात बोलायला फक्त मास्कचा एक बिट आहे. ‘जरा थांब’ आणि ‘आता मला हा कधीच नको’ या दोन वेगळ्या गोष्टी तो त्या एकाच बिटाने सांगतो. क्यूएमूला फरक कळणार कसा? उलट्या दिशेला तर आणखी वाईट. गेस्ट अनमास्क करतो म्हणजे कार्डाच्या तक्त्यात एक मेमरी राइट करतो. मेमरी राइटला उत्तर नसतं. होस्टकडे व्हेक्टर उरले नसतील तर क्यूएमू स्वतःच्या लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि पुढे जातो. गेस्टच्या ड्रायव्हरला वाटतं इंटरप्ट मिळाला. तो कधीच येणार नाही. जुन्या पद्धतीत फटीत हरवायचा, इथे जन्मालाच येत नाही, आणि गेस्टमध्ये लक्षण तेच: क्यू अडकली.

व्हेक्टर संपायची वेळ माझ्या होस्टवर अजून आलेली नाही. पण डायनॅमिक म्हणजे मागणी चालू कामाच्या मध्यावर येणार, आणि नकार ऐकू जायची सोय कुठेच नाही. मला हवं आहे ते हे: गेस्टने व्हेक्टर वापरण्याआधी होस्टला विचारावं, होस्टने हो किंवा नाही म्हणावं आणि नको झाला की गेस्टने तसं स्पष्ट कळवावं. त्यासाठी हायपरकॉलसारखा (गेस्टने होस्टला थेट विचारायचा) वेगळा रस्ता लागेल, कार्डाच्या तक्त्यातून हे कधीच जमणार नाही. पुढचा पॅच कोणी लिहीत असेल तर माझी एवढीच मागणी आहे.

तोवर मी करतो ते असं. क्यूएमूचा लॉग नजरेखाली ठेवतो आणि त्यात व्हेक्टर चालू न झाल्याची ओळ आली की कळावं अशी सूचना लावली आहे, कारण ती गोष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही. गेस्टचं काम कायमचं कमी झालं असेल तर ट्रॅफिक थांबवून गेस्टमधला ड्रायव्हर काढून पुन्हा लावतो. एमएसआय-एक्स एकदा बंद होतं आणि साठलेलं सगळं सुटतं.

एका होस्टवर अजून ६.१ आहे आणि तो इतक्यात बदलता येणार नाही. तिथे गेस्ट सुरू होतानाच, इंटरफेसवर ट्रॅफिक यायच्या आधी, जास्तीत जास्त लागतील तेवढ्या क्यू उघडून घेतो आणि नंतर त्यांना हात लावत नाही. त्यात व्हेक्टर वाया जातात, पण चालू क्यू अडकत नाही.