गरुड उलटा, कड तांबडी आणि साडेसहा हजारांची टोपी

नाणी जमवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मी तीन परदेशी ‘एरर कॉइन’ साडेसहा हजारांना घेतली. टांकसाळीची चूक तिन्हींपैकी एकातही नाही. विकणारा काही कच्चा नव्हता. त्याने मुद्दाम अशी नाणी निवडली होती, की जी त्यांच्या देशात अगदी सर्वसाधारण, पण आपल्या डोळ्यांना विचित्र दिसतात.

सगळ्यात महाग होता अमेरिकेचा १९७४ चा क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं. व्हिडिओत त्याने अंगठा खाली, तर्जनी वर असं नाणं चिमटीत धरलं आणि हळूच फिरवलं. पुढे वॉशिंग्टन सरळ, मागे गरुडाचं डोकं खाली! मग कड दाखवली: मधोमध तांबडी रेघ. “वरचा थर कमी पडलाय सर.” शेवटी वॉशिंग्टनच्या केसांच्या रिबिनीजवळ बोट नेलं, “इथे मिंट मार्क, म्हणजे टांकसाळीची खूण हवी, ती नाही. एकाच पीसमध्ये तीन एरर.”

आता एकेक बघा. आपला रुपया असा फिरवला तर दोन्ही बाजू सरळ दिसतात. अमेरिकेची चालू नाणी मात्र मुळातच उलट-सुलट छापतात, सगळीच्या सगळी. उलट त्या क्वार्टरचा गरुड आपल्या रुपयासारखा सरळ आला असता, तर ते खरोखर टांकसाळीचं चुकलेलं नाणं ठरलं असतं! तांबडी रेघ १९६५ पासूनच्या प्रत्येक चालू क्वार्टरला असते, कारण चांदी बंद करून मध्ये तांबं आणि वरखाली तांबं-निकेलचे थर असं नाणं तेव्हा सुरू झालं. थर खरंच निसटला असता तर एक अख्खी बाजू तांबडी दिसली असती आणि वजन ५.६७ ग्रॅमच्या बरंच खाली आलं असतं. राहिला मिंट मार्क. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९७९ पर्यंत क्वार्टरवर खूणच घातली नाही. आपल्याकडे मुंबईच्या नाण्यावर सालाखाली हिरा असतो, पण कोलकात्याच्या नाण्यावर तरी कुठे काय असतं? म्हणजे तिन्ही ‘एरर’ मिळून पाव डॉलरचं नाणं ते पाव डॉलरचंच.

दुसरं ब्रिटनचं १९७१ चं दोन पेन्स. त्यावर ‘न्यू पेन्स’ लिहिलंय, हीच म्हणे चूक. १९७१ ते १९८१ पर्यंत सगळ्याच दोन पेन्सवर तेच आहे. १९८२ पासून ‘टू पेन्स’ आलं आणि १९८३ च्या, संग्राहकांसाठी काढलेल्या काही संचांमधल्या नाण्यांवर चुकून जुनाच मजकूर राहिला. किंमत आहे ती फक्त त्या १९८३ च्या नाण्याला. विकणाऱ्याने मला कुणाच्या तरी जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला होता, त्यात शेकडो पौंड मागितलेले. मागायला काय, कोणीही मागेल. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ हे फिल्टर लावून बघितलं की खरा भाव दिसतो.

तिसरा अमेरिकेचा १९४३ चा ‘तांब्याचा’ सेंट. युद्धामुळे त्या वर्षी सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे काढले आणि चुकून ब्राँझवर छापलेले मोजकेच निघाले. माझा फ्रिजच्या चुंबकाला टपकन चिकटला. आत पोलाद, वर तांब्याचा मुलामा, दुसरं काय.

मत विचारायला मी फोटो दुसऱ्या ग्रुपवर टाकले, तर संध्याकाळी वेगळ्याच नंबरवरून फोन. क्वार्टरला सव्वा लाख देतो, आधी ‘आरबीआय परवानगी’चे अडीच हजार भरा. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ लाच जाहीर केलंय, की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारांत ती पडत नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही. हे सांगितल्यावर समोरच्याने चक्क मलाच शिव्या घातल्या. विकणाऱ्याने तर मला आधीच ब्लॉक केलं होतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्यांना यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅट लागतं, त्यामुळे चिडून चॅट डिलीट करू नका. आणि हे तीन तुकडे कोणी ‘रेअर’ म्हणून दाखवलेच, तर पैसे पाठवायच्या आधी वजनकाट्यावरचा आणि चुंबकाजवळचा व्हिडिओ मागा.