ढिल्या आरशांची पावती

आमच्या घरी महिंद्राची एफसी-१५० ही मालवाहू गाडी आहे, १९६९ चं मॉडेल. नाक नसलेली, ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो अशी. सेलूच्या मोंढ्यात कापूस नेण्यात तिचं आयुष्य गेलं. आता तिला काम नाही, पण पोळ्याला बैलांच्या जोडीनं तिच्याही कपाळाला कुंकू लागतं.

तिचे दोन्ही गोल आरसे आबांनी गाडी घेतली तेव्हाचे. खाली पितळ, वर क्रोम. ड्रायव्हरकडच्या आरशाच्या कडेला क्रोम उडून पिवळा डाग पडला होता, कारण आबा दरवेळी तिथंच अंगठा लावून आरसा फिरवायचे. अलीकडे दोन्ही आरसे इतके ढिले झाले होते की गाडीनं जरा वेग धरला की मान टाकायचे. मागचा रस्ता दिसायच्या जागी स्वतःची मांडी दिसायची. अण्णा गाडी चालवताना एक हात कायम खिडकीबाहेर.

मी स्क्रू शोधायला संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात गेलो. स्क्रू मिळाला नाही, माणूस मिळाला. जुन्या गाड्यांचं काम करतो म्हणाला. मोबाईलवर आमच्या गाडीचा फोटो बघितला आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या खर्चानं सेलूला आला. दोन आरशांसाठी कोणी एवढ्या लांब येतं का, हे तेव्हा एकट्या आईच्या डोक्यात आलं. मी तिला गप्प बसवलं.

त्यानं आरसा दोनदा हलवला अन् म्हणाला, "दादा, गोळी झिजली. आता आवळून भागत नसतं. हेड काढून नेतो, आतून बुश टाकतो, क्रोम मारतो. पंधरा दिवसांत घरपोच." गोळी म्हणजे दांडीच्या टोकाचा गोळा, त्यावर आरसा फिरतो; हेड म्हणजे काचेसकट आरशाचं डोकं. मग हळूच, "पन्नास वर्षं झाली ना गाडीला? व्हिंटेजमध्ये, जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीत, व्हीए नंबर घ्या, लाखांत जाईल. पण आरसे असे कळकट असले तर पास करत नसतेत." साडेचार हजार ठरले, अडीच हजार आगाऊ दिले. त्यानं दहा मिनिटांत दोन्ही हेड काढून पिशवीत टाकले. दांड्यांचे बोल्ट गंजून धरले होते, म्हणून दांड्या गाडीलाच राहिल्या. हे आमचं नशीब, कारण खोटं पुढं तिथूनच उघडं पडलं. पावती दिली: "मिरर रिपेअर २ नग".

पंधराचे चाळीस दिवस झाले. आरसे आले ते चकचकीत. पिवळा डाग गेलेला बघून मी खूश झालो, हे आता सांगायलाही लाज वाटते. उरलेले पैसे लगेच दिले. अण्णांनी फक्त हातात घेऊन तोलून बघितलं अन् म्हणाले, "हलके लागायलेत रे." मला वाटलं, म्हाताऱ्याचा उगाच वहीम.

पहिल्या पावसानंतर कडेला गंजाचे ठिपके आले. पितळ काळवंडेल, हिरवट पडेल, पण तांबूस गंज लोखंडाचा. लोहचुंबक लावलं, चट्कन चिकटलं. आता कोणी म्हणेल, जुने आरसे पोलादी पत्र्याचेही असायचे. असायचे. म्हणून नुसतं चुंबक चिकटलं की माल बनावट, असं नाही. पण आमच्या आरशाचं पितळ आम्ही तीस-चाळीस वर्षं डोळ्यांनी बघत होतो. म्हणजे आरसे बदलले होते.

गावातल्या एका जुन्या मिस्तरींना बोलावलं. त्यांनी आरशाला हातच लावला नाही, आधी दांडीच्या टोकाची गोळी पुसली आणि व्हर्निअरनं आडवी, उभी, तिरपी मोजली. तिन्हीकडं माप सारखं. झिजलेली गोळी अंडाकार होते. ही गोल गरगरीत होती. म्हणजे पहिलं वाक्यच थाप. मग त्यांनी सांगितलं की अशा आरशात गोळीला दोन पाकळ्यांची वाटी चिमट्यासारखी धरते आणि एक स्क्रू त्या पाकळ्या आवळतो. वर्षानुवर्षं आवळून आवळून पाकळ्या एकमेकींना टेकतात. मग स्क्रू कितीही पिळा, जोर पाकळीवर पाकळी दाबण्यातच जातो, गोळीपर्यंत पोचत नाही. इलाज काय, तर टेकणारी कड कानशीनं केसभर घासायची, किंवा वाटीत पातळ चामड्याची चकती बसवायची. तेल चुकूनही सोडायचं नाही, कारण तिथं घर्षणच हवं असतं. आणि हेड जस्ताच्या ओतकामाचं असेल तर पान्यानं जोर करायचा नाही, तडकतं. सगळं काम गाडीवरच, अर्ध्या तासाचं. आरसा अंगणाबाहेर जायची गरजच नव्हती.

नव्या आरशाच्या वाटीत बुश वगैरे काही नव्हतं, एम-सील भरलं होतं.

व्हीए नंबरचं नंतर आरटीओचं काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारलं. २०२१ चा नियम खरा आहे, पन्नास वर्षांची अटही खरी. पण तो दुचाकींना आणि माणसं वाहणाऱ्या खासगी चारचाकींना आहे. आमची गाडी कागदोपत्री मालवाहू, तिला तो लागूच नाही. शिवाय व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. अर्धं खरं बोलणारा माणूस किती पटतो बघा.

आरसे नेणाऱ्याला फोन केला. आधी "क्रोमखाली लोखंडच असतं दादा", मग "तुमचेच आहेत, फरक सांगा", मग फोन उचलणंच बंद. फरक सांगायला माझ्याकडं काय होतं? हेड काढताना पाठीमागून एक फोटो काढला असता, आतल्या बाजूला खिळ्यानं एक खूण केली असती, वजन करून पावतीवर "पितळी, मूळचे" एवढे दोन शब्द लिहून घेतले असते तर बोलता आलं असतं. आमच्याकडचे सगळे फोटो समोरून, गाडीपुढं पाहुणे उभे असलेले. आरशांच्या जागी कुणाचा तरी फेटा.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बिल मागितलं. मी पावती काढली. "मिरर रिपेअर २ नग, रु. ४५००." दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, आणि सही वाचता येत नाही.