रत्नागिरीत एपीएसच्या टेस्ट केल्या, लॅबचा अनुभव (साडेतीन स्टार)

वहिनीचं बाळ सारखं पोटातच जायचं म्हणून डॉक्टरांनी एपीएससाठी (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, यात रक्तात गुठळ्या होतात आणि गर्भ टिकत नाही) रक्ताच्या तीन टेस्ट लिहून दिल्या, ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. स्टँडजवळच्या या लॅबला गेलो.

रक्त घेणारी ताई एक नंबर! आधीच विचारलं, रक्त पातळ करायची गोळी किंवा हेपरिनचं इंजेक्शन चालू आहे का, कारण त्याने ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा रिझल्ट चुकू शकतो. निळ्या बुचाची ट्यूब बरोब्बर खुणेपर्यंत भरली, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये असतं ते) हे प्रमाण बिघडलं तर सगळंच मुसळ केरात, मग हलकेच खालीवर केली आणि लगेच सेंट्रिफ्यूजला (गरगर फिरवून रक्ताचे भाग वेगळे करायचं मशीन), तेही दोनदा, प्लेटलेट राहायला नकोत म्हणून. वेगळा झालेला प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) गोठवून मुंबईला जातो, आणि पावसाळ्यात आपल्या हायवेची काय दशा असते ते सांगायला नको, म्हणून बर्फाचं मी खोदून खोदून विचारलं, तर तिने न वैतागता ड्राय आइसचा डबाच उघडून दाखवला.

काउंटरवरचा पोरगा मात्र कठीण आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह बघून "आजार कन्फर्म" म्हणाला, वहिनी तिथेच रडायला लागली. अरे बाबा, इन्फेक्शननेही तात्पुरतं पॉझिटिव्ह येतं, किमान १२ आठवड्यांनी परत टेस्ट करून मगच डॉक्टर ठरवतात! तुला कोणी विचारलं होतं?

फोन उचलत नाहीत, रिपोर्टही उशिरा. तरी रिपीट टेस्ट इथेच करणार, त्या ताईकडेच. उपाशी जायची गरज नाही, पार्किंग नाही.