सख्खी मावशी आणि ब्युरोच्या मावशी

मागच्या वर्षी चार महिने मी एडिसनला, म्हणजे न्यू जर्सीत, मावशीकडे होते आणि कोथरूडला परत येऊन बॅगा नीट रिकाम्या पण झाल्या नव्हत्या तोवर आईचा खुबा मोडला. त्यामुळे म्हातारपणाची देखभाल तिकडे कशी मिळते आणि इकडे कशी मिळते हे एकापाठोपाठ एक बघून झालं. व्हॉट्सॲपवर सगळे विचारतायत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी मावशीचा प्लॅन, म्हणजे आरोग्य विम्याचा. काका गेले, मूलबाळ नाही, आयुष्यभर दुकानात काउंटरवर उभं राहून काम केलं, सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिकडची सरकारी पेन्शन, मिळते पण बेताची. अशा माणसाला तिकडे ड्युअल एलिजिबल म्हणतात, म्हणजे मेडिकेअर पण आणि मेडिकेड पण, दोन्ही सरकारी आरोग्य योजना मिळणारा. दोन्ही १९६५ मध्ये एकाच कायद्याने सुरू झाले पण वाढले सावत्र भावांसारखे. मेडिकेअर केंद्राचं, मुख्यतः ६५ च्या पुढच्यांसाठी, डॉक्टर आणि हॉस्पिटलचं बघतं. मेडिकेड गरिबांसाठी, ते राज्य चालवतं. आणि मेख अशी की रोज आंघोळ घालायला, भरवायला, उठवायला बसवायला वर्षानुवर्षं जी बाई लागते तिचे पैसे मेडिकेअर देत नाही, मेडिकेड देतं.

मावशी पडली तेव्हा तिच्याकडे दोघांची वेगवेगळी कार्डं होती, शिवाय औषधांचं तिसरं. बाथरूममध्ये बसून आंघोळ करायची एक साधी खुर्ची हवी होती हो! एकीकडे सांगितलं ही आमच्यात बसत नाही, दुसरीकडे सांगितलं आधी त्यांनी नाही म्हटल्याचं लेखी पत्र आणा, मग बघू. मेडिकेड सगळ्यात शेवटी पैसे देणार असा नियमच आहे, त्यामुळे त्यांचंही चूक म्हणता येत नाही, पण मावशी तीन आठवडे उलट्या बादलीवर बसून आंघोळ करत होती. अमेरिकेत!!

मग ओळखीच्या एका गुजराती बेननी सांगितलं की दोन्ही एकत्र असलेला प्लॅन घे. एकच कंपनी, एकच कार्ड, हॉस्पिटल पण त्यांचंच आणि घरची देखभाल पण त्यांचीच. असे प्लॅन तिकडे वाढवायचं धोरणच आहे, २०२५ पासून ड्युअलवाल्यांना अशा एकत्र प्लॅनमध्ये कुठल्याही महिन्यात जाता येतं, वर्षातून एकदाच उघडणाऱ्या खिडकीची वाट बघावी लागत नाही. मावशीने तो घेतला. केअर मॅनेजर बाई, म्हणजे प्लॅनतर्फे सगळी देखभाल जुळवून देणारी, घरी आली, दोन तास बसली, पायऱ्या मोजल्या, गोळ्यांचे डबे उघडून बघितले, मावशी चहा स्वतः करू शकते का ते करायला लावून बघितलं (मावशीने तिलाच पाजला). आठवड्याला किती तास होम एड, म्हणजे घरी येऊन देखभाल करणारी बाई, ते ठरलं आणि खुर्ची सहा दिवसांत दारात. खुर्ची तीच, नियम बहुतेक तेच, फक्त आता टोलवायला समोर दुसरं कोणी नव्हतं. मला विचाराल तर सगळ्या प्लॅनची किंमत त्या एका बाईच्या फोन नंबरात आहे.

आणि म्हाताऱ्या माणसांचं डे केअर! सकाळी व्हॅन येते, नर्स बीपी बघते, जेवण शाकाहारी, गुजराती, भजनं. मावशी सदाशिव पेठेतली, सुरुवातीला नाक मुरडलं, कढी गोड असते म्हणून. आता गरबा खेळते, खुर्चीत बसून.

आता न आवडलेलं. ठरलेल्या यादीतलेच डॉक्टर, त्यामुळे तिचे वीस वर्षांचे हृदयाचे डॉक्टर सुटले, याचं तिला अजून वाईट वाटतं. सहा महिन्यांनी होम एडचे तास कमी केल्याचं पत्र आलं, अपील केलं, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत जुनेच तास चालू ठेवा असं मुदतीत मागितलं म्हणून चालू राहिले, न मागता राहिले असते असं मला वाटत नाही. पत्रं न उघडता ड्रॉवरमध्ये टाकायची सवय असेल तर मेलात. आणि मेडिकेडची ही देखभाल हवी तर बँकेत २,००० डॉलरच्या वर शिल्लक चालत नाही, राहतं घर धरत नाहीत, पण माणूस गेल्यावर त्याच घरातून राज्य वसुली करू शकतं. मागच्या पाच वर्षांत कोणाला काय दिलं तेही तपासतात. भाचीच्या लग्नात पाटल्या द्यायच्या होत्या, तर मावशी आधी वकिलाला विचारून आली.

आता पुणं. आईचं ऑपरेशन आयुष्मान भारतच्या वय वंदना कार्डावर झालं, ७० च्या पुढे उत्पन्न न बघता वर्षाला पाच लाखांपर्यंत, ऑक्टोबर २०२४ पासूनचं. यादीतलं हॉस्पिटल शोधायला धावपळ झाली पण झालं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधं झाली की कार्ड पाकिटात. खरं काम तर तिथून पुढे सुरू होतं ना. डायपर, वॉकर, भाड्याचा बेड, फिजिओ आणि ब्युरोच्या मावशी (घरी माणूस सांभाळायला बायका पुरवणारा ब्युरो), सगळं खिशातून.

ब्युरोचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे. बारा तासांचे दिवसाला ९००, वर रजिस्ट्रेशन जे परत मिळत नाही. आताच्या मावशी स्वतः हिरा आहेत, नांदेडकडच्या, आईला कूस बदलून पाठ पुसून पावडर लावतात, एक बेडसोर होऊ दिला नाही. पण ९०० मधले त्यांच्या हातात किती पडतात ते मी विचारलं तर ब्युरोवाल्यांना राग आला. पहिल्या दोन महिन्यांत चार बदली बायका आल्या, प्रत्येकीला आईच्या गोळ्या पहिल्यापासून समजावायच्या, आणि फिजिओने उभं करा सांगितलेलं डॉक्टरला माहीत नाही, डॉक्टरने पाय टेकवू नका सांगितलेलं फिजिओला माहीत नाही. तिकडे जे काम केअर मॅनेजर करते ते इथे मीच करते, फ्रिजवर चिकटवलेल्या वहीच्या कागदावर. पण इथे सकाळी आठला माणूस हवं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी येतं, ना फॉर्म ना शिल्लक तपासणी, हेही खरं.

मावशीच्या प्लॅनला चार स्टार, ब्युरोला दोन, ब्युरोच्या मावशींना पाच.

मावशीला गणपतीला पुण्यात यायचंय. मेडिकेअर अमेरिकेबाहेर सहसा चालत नाही आणि होम एड काय विमानात बसून येणार नाही, म्हणून तीनच आठवडे. तेवढ्यापुरती एक बाई मिळेल का म्हणून ब्युरोला फोन केला, तर म्हणाले मॅडम, गणपतीत सगळ्या गावाला जातात, नंतर बघू.