उपकरणापर्यंत पोहोचणारा विद्यार्थी : एका विज्ञान विद्याशाखेतील पदव्युत्तर अभ्यासाविषयीचा अभिप्राय

प्रबंधाची मौखिक परीक्षा होऊन मला आता एक वर्ष झाले आहे. त्याआधी रसायनशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि तिला जोडूनच साडेपाच वर्षांचे पीएच.डी.चे संशोधन, असा सलग काळ मी एकाच विद्यापीठाच्या विज्ञान विद्याशाखेत काढला. प्रवेशाचा विचार करणारे विद्यार्थी भेटले की ‘तिथे संशोधनाच्या संधी कशा आहेत?’ असे विचारतात. त्याचे उत्तर दोन वाक्यांत दिले तर ते फसवे होईल, म्हणून सविस्तर लिहीत आहे. विद्यापीठाचे नाव दिलेले नाही, कारण काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्यांतून व्यक्तींची ओळख पटावी अशी माझी इच्छा नाही.

माझे मत आधीच सांगते. माहितीपत्रकात छापलेली उपकरणांची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. फरक पडतो तो नव्या विद्यार्थ्याला त्या उपकरणांवर स्वतःच्या हाताने काम करायला किती लवकर मिळते आणि त्या वेळी शेजारी कोण उभे असते, यामुळे. या कसोटीवर आमची विद्याशाखा फार चांगली ठरली. इतर काही बाबतींत ती कमी पडली, आणि त्यातली एक बाब गंभीर आहे.

आमच्याकडे महागडी उपकरणे कोणा एका प्राध्यापकाच्या ताब्यात नव्हती. ती सर्व एका सामायिक उपकरण केंद्रात होती आणि प्रशिक्षण पूर्ण केलेला कोणताही विद्यार्थी, मग तो पदव्युत्तर वर्गातला का असेना, ऑनलाइन नोंदणी करून वेळ मागू शकत असे. ही व्यवस्थापनाची किरकोळ बाब वाटण्याचा संभव आहे; पण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची वर्षे वाचतात किंवा वाया जातात ती नेमकी येथे. एनएमआरचे, म्हणजे पदार्थ तीव्र चुंबकक्षेत्रात ठेवून त्याच्या रेणूची रचना ओळखणाऱ्या तंत्राचे, उदाहरण घ्या. हायड्रोजनचा साधा वर्णपट काही मिनिटांत मिळतो. कार्बनचे तसे नाही. निसर्गातील कार्बनपैकी जेमतेम १.१ टक्का कार्बन-१३ असतो आणि एनएमआरला तेवढाच दिसतो. त्यामुळे संदेश क्षीण येतो आणि शेकडो, प्रसंगी हजारो वेळा नोंद घेऊन त्यांची बेरीज करावी लागते. त्यातही संदेश गोंगाटाच्या तुलनेत दुप्पट स्पष्ट करायचा तर वेळ चौपट द्यावा लागतो. ज्याच्याकडे मोजके दोन-तीन मिलिग्रॅम पदार्थ आहे त्याला म्हणूनच रात्रभराचा स्लॉट हवा असतो, आणि रात्री मोजक्याच असतात. आमच्या केंद्रात दिवसाचे स्लॉट वीस मिनिटांचे असत आणि रात्रीच्या स्लॉटांची वाटणी दर सोमवारी नमुन्याची गरज पाहून होई. मार्गदर्शकाच्या ज्येष्ठतेचा त्यात विचार होत नसे. हा नियम लेखी होता आणि तो पाळला जात असे, हे मी साडेसात वर्षे पाहिले आहे.

केंद्राच्या तांत्रिक अधिकाऱ्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण असे लोक कोणत्याही विद्याशाखेच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत. चुंबकक्षेत्र एकसारखे करण्याचे काम, ज्याला आम्ही शिमिंग म्हणतो, आता यंत्र आपोआप करते. तरीही त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याकडून ते तीन वेळा हाताने करून घेतले. आकृतीतले शिखर एका बाजूला कललेले दिसले तर दोष आपल्या पदार्थात आहे की क्षेत्रात, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पदव्युत्तर प्रकल्पात माझ्या वर्णपटांत २.१७ पीपीएमवर (पीपीएम हे वर्णपटाच्या मोजपट्टीचे एकक) एक शिखर सतत येत असे आणि अभिक्रियेत अनपेक्षित असा दुय्यम पदार्थ तयार होत असावा, अशा समजुतीने मी दोन आठवडे त्याच्या शोधात घालवले. त्यांनी आकृती पाहिली, क्लोरोफॉर्म या द्रावकात नेमक्या त्या जागी काय येते ते तक्त्यात शोधायला सांगितले आणि नंतर नळ्या कशाने धुतल्या जातात एवढेच विचारले. तो धुतल्यानंतर नीट न वाळलेल्या नळीतला ॲसिटोन होता. उत्तर त्यांना पहिल्या दृष्टिक्षेपात ठाऊक असणार, पण ते त्यांनी मला शोधू दिले.

विद्यार्थ्याच्या हाती उपकरण देण्याची ही परंपरा रसायनशास्त्रात जुनी आहे. जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस लिबिग १८२४ मध्ये गीसेनच्या विद्यापीठात रुजू झाले आणि १८३१ मध्ये त्यांनी पाच फुग्यांचे एक छोटे काचेचे उपकरण पुढे आणले. पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई आणि उपकरणाचे आधीचे व नंतरचे वजन केले की कार्बनचे प्रमाण कळे. ज्या विश्लेषणासाठी तोवर निष्णात रसायनतज्ज्ञ लागत असे, ते यानंतर विद्यार्थी स्वतः करू लागले, आणि गीसेनची प्रयोगशाळा संशोधन शिकण्याचे ठिकाण म्हणून युरोपभर नावाजली. आमच्या केंद्रातील प्रशिक्षणाचा आराखडा कोणी आखला हे मी कधी विचारले नाही, परंतु त्यामागची जाण हीच असावी.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मार्गदर्शक ठरवण्याआधी प्रत्येकी आठ आठवडे तीन प्रयोगशाळांत काम करण्याची, म्हणजे रोटेशनची, पद्धत होती. मी आले ती नैसर्गिक संयुगांच्या संश्लेषणावर काम करण्याच्या पक्क्या निश्चयाने. त्या विषयाची प्रयोगशाळा मी पहिल्या रोटेशनला घेतली आणि विषय आवडूनही तेथील काम करण्याची रीत मला मानवणार नाही हे मला सहाव्या आठवड्यात कळले : तेथे गटाची बैठक म्हणजे केवळ प्रगतीचा हिशेब असे आणि फसलेल्या प्रयोगाविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नसे. तिसरी प्रयोगशाळा सच्छिद्र स्फटिकांची, धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जाळीदार रचनांची होती. त्या क्षेत्राला २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, पण मी निवड केली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती ती त्या प्रयोगशाळेतील प्रयोगवही. प्रत्येक फसलेल्या स्फटिकीभवनाची नोंद तेथे तापमान, द्रावक आणि प्रमाणासह केलेली असे आणि नवा विद्यार्थी सुरुवातीचा आठवडा त्या नोंदी वाचण्यात घालवत असे. रोटेशन नसते तर मी नावावर आणि विषयावर भाळून पाच वर्षांचा निर्णय घेतला असता. ज्या विद्याशाखेत प्रवेशअर्जातच मार्गदर्शकाचे नाव कायमचे लिहून द्यावे लागते, तेथे जाणाऱ्यांनी निदान एक उन्हाळी प्रकल्प तरी आधी त्या गटात करावा.

कोर्सवर्कविषयी फार लिहिण्यासारखे नाही. संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम उत्तम होता, संशोधननीतीचा ठीक होता आणि उरलेले दोन पदव्युत्तर वर्गात शिकलेल्याचीच पुनरावृत्ती करणारे होते.

वार्षिक आढावा समिती मात्र खऱ्या अर्थाने काम करणारी होती. तिच्यात मार्गदर्शकाखेरीज तीन प्राध्यापक असत, त्यांतील एक दुसऱ्या विभागाचा, आणि बैठकीतील शेवटची पंधरा मिनिटे मार्गदर्शकाला बाहेर बसवून विद्यार्थ्याशी बोलण्यासाठी राखलेली असत. शोधनिबंधाच्या लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम यांची चर्चा मसुदा लिहिण्याआधी होऊन समितीकडे नोंदवावी लागे. लेखकत्वाची चर्चा कटू होण्याआधीच ती उरकण्याची ही सोय आहे आणि तिचे मोल विज्ञानाचा इतिहास वाचणाऱ्याला सहज कळेल. १९६७ मध्ये केंब्रिजमध्ये पीएच.डी. करणाऱ्या जोसेलिन बेल यांनी, ज्या रेडिओ दुर्बिणीच्या उभारणीत त्या स्वतः राबल्या होत्या तिच्या कागदी नोंदी नजरेखालून घालताना, सुमारे १.३४ सेकंदांच्या ठरावीक अंतराने येणारे स्पंद पकडले. पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचा, तो पहिला शोध. त्याबद्दलचा १९७४ च्या नोबेलमधील वाटा त्यांच्या मार्गदर्शकाला, अँटनी ह्युईश यांना मिळाला; बेल यांचे नाव त्यात नव्हते. २०१८ मध्ये ब्रेकथ्रू पुरस्काराचे तीस लाख डॉलर त्यांना मिळाले, ते त्यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या, पण त्या क्षेत्रात संख्येने कमी असलेल्या गटांतील विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकले. पुरस्कारसमित्यांचे निर्णय विद्याशाखेच्या हाती नसतात, परंतु विद्यार्थ्याचे काम कोणते हे कागदावर येणे तिच्या हाती असते, आणि आमच्याकडे ते येत होते.

बाहेरच्या संधींपैकी मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन अतिवेगाने फिरवून अतिशय तीव्र क्ष-किरण निर्माण करणाऱ्या यंत्राचा. माझे स्फटिक इतके बारीक निघत की नेहमीच्या क्ष-किरण यंत्रावर त्यांच्यापासून काही हाती लागत नसे. त्यांना फार तीव्र किरणशलाका लागत होती. फ्रान्समधील ग्रनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनसारख्या केंद्रांत अशा शलाकेवर वेळ मिळवण्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो, तज्ज्ञांची समिती तो तपासते आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याच्या अटीवर मंजूर वेळेसाठी शुल्क घेतले जात नाही. हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. आमच्या विद्याशाखेत प्रस्तावलेखनाची दोन दिवसांची कार्यशाळा दरवर्षी होत असे आणि तिथे पूर्वी नाकारले गेलेले प्रस्ताव परीक्षकांच्या शेऱ्यांसकट वाचायला मिळत. माझा पहिला प्रस्ताव नाकारला गेला, कारण स्फटिक शलाकेच्या माऱ्यात टिकतील याचा पुरावा मी दिला नव्हता. दुसरा मंजूर झाला. तीन दिवस आणि तीन रात्री आम्ही चौघांनी पाळीपाळीने काम केले. विद्याशाखेने प्रवासाचा खर्च उचलला. प्रबंधाची दोन प्रकरणे त्या बहात्तर तासांतून उभी राहिली.

आता तक्रारी. संकेतस्थळावरील मार्गदर्शकांची यादी जुनी होती. मी अर्ज करताना ज्या तिघांना पत्रे लिहिली त्यांपैकी एक निवृत्त झाले होते आणि दुसऱ्यांकडे जागा नव्हती; या पत्रव्यवहारात दोन महिने गेले आणि एका फेलोशिपची मुदत हुकली. हा दोष सुधारायला एक माणूस आणि एक दुपार पुरेल, म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच राहिल्याचे मला अधिक वाईट वाटते.

गंभीर तक्रार पैशांची आहे. शिष्यवृत्ती पाच वर्षांची होती. माझ्या विभागातील प्रायोगिक कामांना सरासरी त्याहून अधिक काळ लागतो, हे विभागात सर्वांना माहीत होते. मुदतवाढीसाठी अर्ज करता येई, पण त्याचा निर्णय जुनी रक्कम थांबल्यानंतर होत असे, आणि या दोहोंमधल्या काळात विद्यार्थ्याला काहीच मिळत नसे. माझ्या बाबतीत हे चार महिने चालले. त्या काळात मी शिकवण्या घेतल्या, प्रबंधाचे लेखन थांबले आणि माझ्याच तुकडीतील एका मैत्रिणीने, जिचे प्रयोग पूर्ण झाले होते, नोकरी धरून प्रबंध अर्धवट सोडला. ती आमच्यापैकी सर्वांत काटेकोर प्रयोग करणारी होती. अर्ज सहा महिने आधी मागवून निर्णय मुदतीआधी देणे यात अशक्य असे काहीही नाही, आणि मी कार्यालयाला तसे लेखी कळवले आहे.

सैद्धांतिक विषयांच्या विद्यार्थ्यांना उपकरण केंद्राचा प्रश्न येत नाही. त्यांच्या दृष्टीने संगणन केंद्रातील रांग हाच प्रश्न आहे, आणि तेथील वाटपाविषयी माझ्या गणिती मित्रांचे मत बरे आहे. विद्यापीठाबाहेरच्या नोकऱ्यांविषयीचे मार्गदर्शन जवळजवळ नव्हते. उद्योगात जाऊ इच्छिणाऱ्याने हे गृहीत धरूनच यावे.

पाचपैकी चार गुण मी देते, आणि कापलेला एक गुण पूर्णपणे त्या चार महिन्यांचा आहे.

अशा कोणत्याही विद्याशाखेत प्रवेश घेण्याआधी एक दिवस तेथे जाऊन यावे आणि प्राध्यापकांना भेटण्याआधी उपकरण केंद्रात जावे. गेल्या महिन्याची नोंदणी पाहू देण्याची विनंती करावी आणि रात्रीच्या स्लॉटांसमोर किती वेगवेगळ्या गटांची नावे आहेत, त्यांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी किती आहेत, हे मोजावे. मग प्रबंध सादर करण्याच्या बेतात असलेला एखादा विद्यार्थी गाठावा आणि त्याची शिष्यवृत्ती सध्या चालू आहे का, एवढे विचारावे.